पुरुषभर भिंत

आराखड्यावर कुणाची तरी पेन्सिल चालली होती. कुणाची म्हणजे अर्गीरीसचीच. हा मुलगा आकडा लिहिताना लहानपणापासून पेन्सिल इतकी दाबतो की खालच्या कागदावर वळ उठतात. काल संध्याकाळी आला, मसुराची आमटी जेवला, तेव्हाच कधीतरी त्याने हा उद्योग केला असणार, आणि केल्याचं अवाक्षर तोंडातून काढलं नाही. थेक्ला सकाळची कॉफी घेऊन टेबलाशी बसली आणि पहिल्याच घोटाला तिला ते दिसलं. आंद्रोस बेटावरच्या टेकडीवरच्या घरासाठी ती गेला महिनाभर खपत होती. बाहेरचं स्वयंपाकघर, त्यापुढे गच्ची, वर बोरूचा मांडव. गच्चीला तिने कंबरेएवढा दगडी कठडा काढला होता, वर कोपर टेकून उभं राहता येईल असा रुंद. त्या कठड्यावर काट मारून अर्गीरीसने तिन्ही बाजूंनी भिंत ओढली होती, आणि शेजारी उंची टाकली होती. पुरुषभर उंच. पुरुषभर कसली, चांगला धिप्पाड माणूस टाचा उंचावून उभा राहिला तरी पलीकडे काही दिसायचं नाही. म्हणजे ज्या समुद्रापायी लोक कुठून कुठून तडफडत त्या बेटावर येतात, तो समुद्र या गच्चीवरून दिसणारच नव्हता. दिसलाच तर वर आभाळाचा एक चौकोन, विहिरीतल्या बेडकाला दिसतो तेवढा.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "तुरुंग बांधतोयस का रे?"

"आई, मी ऑफिसात आहे."

"मग नुसतं ऐकून घे. आयुष्यभर लोकांची स्वयंपाकघरं आखली मी. वेडे बघितले, चक्रम बघितले, पाव भाजायच्या भट्टीसमोर झुंबर मागणारी बाई बघितली. पण समुद्राकडे पाठ करून भिंत घालणारा माझ्या पोटी जन्माला येईल असं वाटलं नव्हतं."

"माझी छोटी तिथे खेळणार आहे."

"कंबरेएवढा कठडा आहे की. कायद्यानं तेवढाच लागतो."

"कायद्याला लागू दे." मागे कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "उद्या नऊला येतो न्यायला. आत्याला पण घ्यायचंय. जाड कोट घाल, तिथे वारा असतो."

तिथे म्हणजे दफनभूमीत. तिच्या नवऱ्याला, झानीसला जाऊन तीन वर्षं झाली होती. अथेन्समध्ये जिवंत माणसाला भाड्यानं राहावं लागतं तसं मेलेल्यालाही. तीन वर्षं झाली की जागा मोकळी करून द्यायची, म्हणजे कबर उघडायची, हाडं वर काढायची, दारूनं धुवायची, पेटीत भरायची आणि पेटी फडताळात ठेवून द्यायची. थेक्लाने सासऱ्यांचं असं बघितलं होतं, सासूचंही. सासूची कवटी मधासारखी पिवळी निघाली तेव्हा नणंद कालिरोई आनंदानं रडली होती, कारण पिवळी हाडं म्हणजे स्वच्छ आत्मा. उद्या झानीसची पाळी. याचं थेक्लाला काही वाटत नव्हतं असं नाही, पण काय वाटत होतं ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. त्याऐवजी ती महिनाभर रेघा मारत बसली होती, आणि रेघा चांगल्या आल्या होत्या. शेगडी कुठे घ्यायची यावरच आठ दिवस गेले होते. उन्हाळाभर उत्तरेचा वारा पिसाटल्यासारखा वाहतो, निखारे उत्तरेला ठेवले तर धूर सगळा पाहुण्यांच्या तोंडात. म्हणून शेगडी घराच्या आडोशाला, सिलिंडर सावलीतल्या कोनाड्यात, आणि ओटा संगमरवराचा नाही, कारण लिंबाचा एक थेंब पडला की संगमरवराला कोड फुटतं. ओटा राखाडी दगडाचा. त्याला मोरीकडे बोटभर उतार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओटा समुद्राकडे तोंड करून. रांधणाऱ्याने मान वर केली की पाणी दिसलं पाहिजे. हे तिने कुणाला विचारलं नव्हतं, सुनेला नाही आणि मुलालाही नाही. ते तिचं होतं. आणि नेमका त्याच्यासमोर हा मुलगा भिंत उभी करत होता.

त्या घरातलं जुनं स्वयंपाकघर म्हणजे गुहाच. डोंगरात अर्धं शिरलेलं, खिडकी वीतभर, तीही बोळाकडे. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून थेक्ला तिथे उकडून निघाली. बाहेर पाण्याच्या टाकीवरच्या गच्चीत झानीस आणि त्याचे मित्र बसलेले, समोर समुद्र, पेल्यात बर्फ, आणि दर थोड्या वेळाने हाक, थेक्ला, आणखी आण गं. ती आणायची. ठेवायची, एक नजर पाण्यावर टाकायची आणि परत गुहेत. समुद्राकाठचं घर मिळालं म्हणून मैत्रिणी हेवा करायच्या आणि ती हसायची; झाकली मूठ. एकदा तिने म्हटलंही होतं, बाहेर एक छोटा ओटा करू या ना. तर झानीस म्हणाला, "गच्चीत भांडी घासत बसणार तू? लोक काय बघतील, समुद्र की तुझी पाठ?" मित्र हसले होते. झानीस वाईट नव्हता. चारचौघांत बायकोची थट्टा करण्यात आपण काही वाईट करतो असं त्याला वाटायचं नाही, एवढंच. तसंच कठड्याचं. धाकटी मुलगी आंथी रांगायला लागली तेव्हा थेक्ला म्हणाली होती, कठडा घाल. तो म्हणाला, कठडा समुद्र खाऊन टाकतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला मग नुसता दगड दिसतो. आणि मी आहे ना इथे बसलेला. मी काय मेलोय?

आंथी चार वर्षांची होती. ऑगस्टमधला देवमातेचा सण, त्यामुळे गच्चीत नेहमीपेक्षा जास्त माणसं. थेक्ला आत मासळी तळत होती, बोटाएवढी बारीक, पिठात घोळवून. ही मासळी तेलात टाकली की माणसाला हलता येत नाही, नजर काढली की करपते. आंथी दोनदा आत आली, तेल उडतं म्हणून थेक्लाने तिला दोनदा बाहेर काढली. दाराशी जाऊन ती झानीसला म्हणाली, हिच्याकडे बघ रे. तो म्हणाला, बघतोय, तू तळ. एवढंच बोलणं. या एवढ्या बोलण्यावर थेक्लाने पुढचं सगळं आयुष्य काढलं. पडल्याचा आवाज तिला आलाच नाही, कढईचा आवाज होता. तिला ऐकू आल्या त्या खुर्च्या. एकदम चार-पाच खुर्च्या पडल्यासारख्या. अर्गीरीस तेव्हा तिच्यापाशीच होता, सात वर्षांचा, हातात ताटली धरून. देवाचा तेवढाच उपकार, की पोराला बघावं लागलं नाही. ती बाहेर धावली तेव्हा झानीस खालच्या पायरीशेतात उतरला होता, दगडांमध्ये, आणि वर येत नव्हता. वर यायला रस्ता होता, तो त्याला माहीत होता, पण तो मुलीला घेऊन तिथेच उभा राहिला होता, आणि वरून मित्र ओरडत होते, आण, वर आण. पोलीस आले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, मी बघत होतो, माझं लक्ष गेलं, दुसरं कुणी नव्हतं. तेवढं एकदा म्हणाला. पोलिसाला म्हणाला. तिला कधीच म्हणाला नाही.

ती वाट बघत राहिली. पहिल्या वर्षी वाटलं, आता बोलेल, आता धीर गोळा करत असेल. एक शब्द पुरला असता. चुकलं. चुकलं माझं, थेक्ला. मग तिने काय केलं असतं ते तिलाही माहीत नव्हतं. कदाचित त्याच्या थोबाडीत मारली असती आणि मग दोघं गळ्यात गळा घालून रडली असती. पण तो बोलला नाही आणि ती आटत गेली. तिने त्याला दोष दिला नाही, एका शब्दानं नाही. सगळे म्हणायचे, काय सोशीक बाई. सोशीक कसली. ती त्याला वाढायची आणि उठून जायची. रोज. ताट त्याच्यासमोर ठेवायचं, पाणी ठेवायचं, पाव कापून ठेवायचा आणि स्वयंपाकघराचं दार लोटून आत उभ्यानं चार घास खायचे. अर्गीरीस घरी असला की तिघं एकत्र बसत, तो शिकायला सालोनिकाला गेला तसं तेही संपलं. झानीस एकटा जेवायचा. सुरुवातीला दाराकडे बघायचा, पुढे बघेनासा झाला. मीठ कमी असलं तरी मागायचा नाही. ही त्याची चुप्पी म्हणजेच कबुली, असं थेक्ला धरून चालली होती, आणि कबुली दिलेल्या माणसाला शिक्षा भोगायलाच हवी. त्याची फुप्फुसं गेली तेव्हा तिने त्याचं सगळं केलं, हागणं-मुतणं काढलं, पण शेजारी बसून राहिली नाही. शेवटी शेवटी त्याने तिचा हात धरला. तिला वाटलं, आता. तर म्हणाला, "अर्गीरीसला सांभाळ." तिशीतला बाप्या, त्याला काय सांभाळायचंय. तिने हात सोडवून घेतला होता. तो हात सोडवून घेतल्याचं तिला अजून बरं वाटत होतं, आणि असं बरं वाटतं म्हणून कधीकधी स्वतःचीच भीती वाटायची.

सकाळी कालिरोई गाडीत पुढच्या सीटवर आधीच बसलेली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत लाल दारूची बाटली, पांढरं कोरं कापड, टॉवेल आणि मेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा पुडा. ऐंशीच्या घरात आलेली, लग्न न केलेली, भावावर जीव टाकणारी बाई. थेक्ला मागे बसली.

"बाहेर स्वयंपाकघर बांधताय म्हणे," कालिरोई वळून न बघता म्हणाली. "माझ्या भावाच्या घरात."

"आता अर्गीरीसचं आहे ते, वन्सं."

"हो, हो. मेलेल्याचं काय असतं? कोट तेवढा." मग भाच्याकडे वळून, "हळू चालव रे. आज एकालाच वर काढायचंय, आपल्याला आत नाही जायचं."

अर्गीरीस हसला. थेक्लाला मागून त्याचा कान आणि गालाचा थोडा भाग दिसत होता. हसताना झानीससारखाच दिसतो, तिला नेहमी वाटायचं, आणि नेहमी थोडा राग यायचा. भिंतीचा विषय काढावा असं मनात आलं, पण नणंदेसमोर नको. आपलेच दात, आपलेच ओठ.

कबरीवरची संगमरवरी फरशी आधीच बाजूला केलेली होती. दोघं खणणारे होते, रबरी हातमोजे घातलेली एक धिप्पाड बाई होती, आणि थंडीनं नाक लाल झालेला पाद्री. माती ओली, चिकट. फावड्याला चिकटून येत होती आणि खणणारा ती दर वेळी बुटाने सोडवत होता. पाद्री प्रार्थना म्हणत होता. मग खणणारा थांबला. त्याने खाली बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं, मग पाद्रीकडे. बाई वाकली, तिने हाताने थोडी माती सारली आणि उठून उभी राहिली.

"झालेला नाही हा," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पाव अजून भाजला गेलेला नाही असं सांगावं तसं.

थेक्लाने बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. कोटाची बाही होती. निळा कोट, तिनेच कपाटातून काढून दिलेला, त्यातल्या त्यात चांगला. कापड ओळखू आलं. बाही रिकामी नव्हती. कालिरोईच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तिने पिशवी छातीशी धरली. खणणारा अजिजीने सांगू लागला, या बाजूची माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते, आणि लोकांना आम्ही सांगतो की सुती कपडे घाला, पण कोण ऐकतं, सगळं नायलॉन, त्यात मरणाआधी पोतंभर औषधं. हल्ली बरेच असेच निघतात, मनाला लावून घेऊ नका. पलीकडच्या कोपऱ्यात हलवू, आणखी काही वर्षं ठेवू. होईल.

"माती नाही," कालिरोई म्हणाली. "जिवंत माणसानं मनात धरलं की मेलेल्याला जमीन घेत नाही. माझी आई सांगायची."

"आत्या, औषधं. डॉक्टरसुद्धा हेच सांगतील," अर्गीरीस म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाद्रीने घसा खाकरला. "हे जुनं बोलणं झालं. पण क्षमा केव्हाही चांगलीच. आपण सगळे म्हणू या."

अर्गीरीस म्हणाला, देव त्याला क्षमा करो, आणि आम्हीही केली. कालिरोई म्हणाली, रडत, दोनदा. मग सगळे थांबले. थेक्लाने तोंड उघडलं. शब्द सोपे होते, कुणाच्याही मयतीला माणूस म्हणतो, दुधवाल्यासाठी म्हणतो, ज्याचं नावही धड माहीत नाही त्याच्यासाठी म्हणतो. पण जीभ टाळ्याला चिकटली. सव्वीस वर्षं मी थांबले, तिच्या मनात आलं, मी मागायला नाही सांगितलं, नुसती थांबले; आणि आता हा बाही भरून पडून राहणार आणि मी आपणहून द्यायची? तिने ओठ हलवले. पाद्रीने मान डोलावली. कालिरोईला मात्र ओठ हलवण्यातला आणि बोलण्यातला फरक कळत होता.

माती परत लोटायला सुरुवात झाली. अर्गीरीस कचेरीत गेला, नव्या जागेचं बघायला. दोघी बायका सरूच्या झाडाखाली बाकावर बसल्या. वारा खरंच होता. कालिरोईने बाटली पिशवीत आडवी ठेवली, मग उभी, मग परत आडवी.

"तू म्हणाली नाहीस."

"म्हणाले."

"थेक्ला, मी म्हातारी झाले, आंधळी नाही झाले." नणंदेने रुमालाने नाक पुसलं. "तू त्याला ताटावर एकटा बसवलंस. मला सगळं दिसायचं. मी येऊन बसायचे त्याच्याजवळ, म्हणायचे, अरे बोल तिच्याशी. तर म्हणायचा, ताई, राहू दे."

"राहू दे. तेच तर म्हणते मी. एक शब्द बोलला नाही माझ्याशी."

"कसा बोलणार? त्यानं स्वतःशी शपथ घेतली होती." कालिरोईने इकडे तिकडे बघितलं. "हॉस्पिटलमध्ये मला सांगितलंन, आणि देवमातेच्या तसबिरीवर हात ठेवायला लावलान, की तुला नाही सांगायचं. मला नरकात जावं लागलं तर जाईन मी. पण माझा भाऊ असा मातीत अर्धवट पडलेला मला बघवत नाही. त्यानं त्या दिवशी पोराला सांगितलं होतं बघायला. अर्गीरीसला. मी गप्पा मारतोय, तू बस हिच्याजवळ, हात सोडू नकोस. आणि पोर उठून गेलं. कुठे गेलं कुणास ठाऊक, पोरच ते. झानीसनं ते कुणाला कळू दिलं नाही. पोलिसाला नाही, तुला नाही. म्हणाला, आईनं एकदा त्या नजरेनं पोराकडे बघितलं तर पोर संपेल."

थेक्लाला पहिल्यांदा संताप आला. सात वर्षांच्या मुलावर टाकलीन? मी त्याच्यावर टाकली आणि त्यानं पोरावर? हा संताप ओळखीचा होता, उबदार होता, ती त्यात शिरूही लागली होती. पण नणंदेचं एक वाक्य मध्येच आडवं आलं. कुठे गेलं कुणास ठाऊक. थेक्लाला ठाऊक होतं. अर्गीरीस तिच्यापाशी होता. सव्वीस वर्षं ती याच एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानत आली होती. तो आत आला होता, मासळीच्या वासानं, एक दे ना म्हणत. तिने फुंकर मारून एक दिली होती. तोंडात मासळी घेऊन तो परत वळला होता, दारापर्यंत गेला होता. आणि तिला तेव्हा हात कमी पडत होते. तिने म्हटलं होतं, कुठे चाललास, ये इकडे, ही ताटली धर. तो म्हणाला होता, आई, मला जायचंय. का जायचंय ते त्याने सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं? तेल तडतडत होतं. ती म्हणाली होती, नुसता उंडारायला पाहिजे तुला. धर म्हणते ना. हलशील तर बघ. आणि तो हलला नव्हता. शहाण्यासारखा दोन्ही हातांनी ताटली धरून उभा राहिला होता, आणि मधूनमधून दाराकडे बघत होता. हे तिला आत्ता आठवलं असं नव्हे. हे तिच्याजवळ कायमच होतं, घरातल्या एखाद्या भांड्यासारखं, रोज हाताखालून जाणारं. फक्त त्याचा अर्थ तिला आज लागला.

"काय झालं?" कालिरोई म्हणाली. "पाणी हवंय? अगं, मी पोराला दोष देत नाहीये. लहान होता तो."

"नाही," थेक्ला म्हणाली. "काही नाही, वन्सं."

कालिरोईला तिच्या घरापाशी सोडलं. उतरताना तिने गव्हाचा पुडा थेक्लाच्या हातात दिला आणि आधी भाच्याचा गाल कुरवाळला, मग वहिनीचा, जे तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. थेक्ला पुढे येऊन बसली. दुपारची गर्दी लागली होती, गाडी पुढे सरकायची आणि थांबायची. अर्गीरीस दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून होता. त्याच्या हातांकडे बघवत नव्हतं म्हणून तिने बाहेर बघितलं. दुकानं, मोटारसायकली, संत्र्यांचा ढीग, एक बाई फोनवर कुणाला तरी शिव्या देत चाललेली. या मुलाने कधी तिच्यासमोर आंथीचं नाव घेतलं नव्हतं. तिला वाटायचं विसरला. लहान होता, बरं झालं विसरला. त्याच्या लग्नात, त्याच्या मुलीच्या बारशात, ती त्याच्याकडे बघून मनात म्हणायची, एवढं एक तरी धड राहिलं. आणि हा धड राहिलेला मुलगा टेकडीवरच्या गच्चीला पुरुषभर भिंत घालत होता, तिन्ही बाजूंनी.

"भिंतीचं," तो म्हणाला. "तुला आवडलेली नाही, मला माहीत आहे. पण मला तिथे उघडं चालणार नाही, आई. कठडा कंबरेएवढा असो, छातीएवढा असो. पोरं चढतात. मी तिथे बसू शकणार नाही, आणि कुणाला तरी बघ म्हणून सांगून आतही जाऊ शकणार नाही."

"तू म्हणशील तेवढी उंच करू."

त्याने तिच्याकडे बघितलं. इतक्या लवकर ती कशालाच हो म्हणत नसे. "आत्यानं काही सांगितलं का?"

न बोलण्याची थेक्लाला चांगली सवय होती, ती आणखी वीस वर्षं सुखाने गप्प राहू शकली असती, आणि हा शेजारी बसून चाक धरून राहिला असता. "तू निघाला होतास," ती म्हणाली. "दारापर्यंत गेला होतास. मी थांबवलं तुला. ताटली धरायला. तू म्हणालास मला जायचंय, आणि मी नाही जाऊ दिलं. तुझं काही नव्हतं त्यात, अर्गीरीस. ऐकतोयस ना? मी थांबवलं."

पुढची गाडी हलली. अर्गीरीसने हलवली नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे काय. मी होतो ना तिथे."

"आणि बाबांना?"

"त्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांना वाटत होतं मी खेळायला पळालो. मी म्हटलं, नाही, आईनं धरून ठेवलं." तो समोर बघत बोलत होता, आणि आवाज सात वर्षांच्या मुलाचा झाल्यासारखा बारीक झाला होता. "ते मला टाकीमागे घेऊन गेले. गुडघ्यावर बसले. म्हणाले, तुझी चूक नाही आणि आईचीही नाही, पण आईला हे कधी कळू द्यायचं नाही. तू मोठा झालास तरी नाही. म्हणाले, मी एकटा पुरे आहे."

थेक्लाने डोळे मिटले. तिला तो जेवताना दिसला. आंद्रोसचा झानीस नव्हे, पेल्यातला बर्फ हलवणारा नव्हे. शहरातल्या घरातला, पाव मोडून रश्शात बुडवणारा, दार लोटल्याचा आवाज ऐकूनही मान वर न करणारा. तिला वाटलं होतं, त्याला तोंड दाखवायला जागा नाही म्हणून तो बघत नाही. तो तिला वाचवत होता, आणि ती त्याला रोज, दोन्ही वेळा, नेमाने शिक्षा वाढत होती. मीठ कमी असलं तरी मागत नव्हता. आणि सकाळी जे शब्द काही केल्या फुटत नव्हते त्यांच्या उलटे शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडले.

"मला क्षमा कर," ती म्हणाली.

अर्गीरीसने चाकावरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. "आई, मला काय म्हणतेस तू असं? मी मनात धरलंच नाही कधी. शप्पथ."

ती त्याला म्हणाली नव्हती. पण तिने ते सांगितलं नाही. त्यालाही तो शब्द कुणाकडून तरी हवाच असणार. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, अर्गीरीसने बाहीने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. ज्याला तो शब्द सांगायचा होता त्याच्यावर थोड्याच वेळापूर्वी, तिच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्यांदा माती लोटली होती, आणि तेव्हा ती ओठ मिटून उभी होती.